पट्टी उतरली: जुना टर्नटेबल घेताना झालेली फसवणूक

बाबा गेल्यावर त्यांच्या शास्त्रीय गायनाच्या चाळीसेक एलपी रेकॉर्ड्स माझ्याकडे आल्या. त्या ऐकायच्या म्हणून मी एक जुना, बेल्टवर चालणारा अमेरिकन टर्नटेबल १४,००० रुपयांना घेतला. मला यातलं काहीच कळत नव्हतं आणि विकणाऱ्याने ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं असणार. "साहेब, सर्व्हिसिंग केलंय, सुई नवी हिऱ्याची टाकलीय, दहा वर्षं बघायला नको." त्याने एक रेकॉर्ड लावून दाखवली, ती उत्तम वाजली. अमेरिकेचा माल ११० व्होल्टवर चालतो म्हणून सोबत ट्रान्सफॉर्मरही दिला. एवढं आपणहून सांगतोय म्हणजे माणूस सरळ आहे, असं मला वाटलं.

महिन्याभरात सूर हेलकावे खाऊ लागले, मग एके दिवशी गाणं एकदम जड झालं. फोन केला तर म्हणाला, बेल्ट सैल झालाय. त्याचे ९०० रुपये घेतले, फरक शून्य. मग म्हणे मोटर गेली, रिवाइंडिंग करावं लागेल, ३,५०० रुपये. तीन आठवड्यांनी मशीन परत आलं ते छान वाजत. पंधरा दिवसांत पुन्हा तेच रडगाणं.

दिवाळीत आत्या आली. ती गाणं शिकवते. दोन मिनिटं ऐकलं आणि तिने पेटी पुढ्यात ओढली. "अरे, ही रेकॉर्ड तुझ्या बाबांबरोबर मी शंभरदा ऐकलीय. यात सा काळी एकचा आहे. हा बघ, खाली काळी पाचवर बसलाय. तुझं मशीन हळू फिरतंय."

तिच्या कानाने जे पकडलं त्याचं कारण दुसऱ्या दिवशी आमच्या भागातल्या जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांनी दाखवलं. त्यांनी वरचं ताट उचललं, तर मोटरच्या पुलीवर, म्हणजे बेल्ट फिरवणाऱ्या छोट्या चाकावर, काळ्या चिकटपट्टीचे तुकडे लोंबत होते. मशीनच्या मागे चिकटवलेलं सर्व्हिसिंगचं स्टिकर नखाने काढलं, खाली पाटी: ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झ. अशा मोटरचा वेग विजेच्या फ्रीक्वेन्सीवर, म्हणजे हर्ट्झच्या आकड्यावर, ठरतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रीक्वेन्सीला हात लावत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम २८ फेरे. पुली जाड केली की वेग वाढतो, म्हणून त्या माणसाने तिच्यावर पट्टी गुंडाळली होती. मोटर तापली, डिंक सुटला, पट्टी सरकली. 'रिवाइंडिंग' म्हणजे नव्याने गुंडाळलेली पट्टी. मोटर कधी उघडलेलीच नव्हती, स्क्रूवरचा जुना रंगही शाबूत होता.

पैशांचं मी विसरलो असतो. सुईचं विसरता येत नाही. टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, डोक्यावर, खालच्या बाजूने, एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं होतं. झिजलेली सुई खाचेतून उडू नये म्हणून वजन वाढवलेलं. अशा मॅग्नेटिक कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसते त्या भागाला, साधारण दीड-दोन ग्रॅम भार पुरतो. काकांनी काट्यावर मोजला तर साडेपाच भरला. प्रत्येक वेळी सुईला करडा भुगा लागायचा, तो मी धूळ समजून ब्रशने झटकत होतो. ती रेकॉर्डचीच खरवड होती. सहा-सात एलपींवर आता तानांच्या जागी नुसती खरखर येते.

जुना टर्नटेबल घेणार असाल तर ताटावर कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि मोबाइलवर तीन मिनिटं लावून फेरे मोजा. ३३ च्या वेगाला बरोबर १०० भरायला हवेत. माझे ८३ भरले. हे मोजणं पुरेसं नाही, कारण पट्टी ताजी असेल तर तिथेही १०० भरतील. म्हणून ताट उचलून पुली बघायलाच हवी, मागची पाटी वाचायला हवी आणि टोनआर्मच्या खालून बोट फिरवायला हवं. विकणारा 'उचलू नका, सेटिंग बिघडेल' म्हणाला तर तिथूनच परत फिरा. बेल्टवरचं ताट सहज उचलता येतं, त्याने काही बिघडत नाही. आणि वाजवून बघायला आपली, ओळखीची रेकॉर्ड न्या, पण सुई भिंगाखाली बघितल्याशिवाय ती लावू देऊ नका.

काकांनी लेथवर ५० हर्ट्झच्या मापाची पितळी पुली करून घेतली, सुई नवी बसवली. मशीन आता सुरात आहे. आत्याला ऐकवायला मी बाबांची तीच एलपी काढली. विलंबित नीट वाजलं, द्रुत सुरू झाल्यावर तिने हात उचलून मला थांबवलं.