धमनीची लहर मोजायची, पण कशाने?

म्हापशात दवाखाना चालवणाऱ्या माझ्या मावसभावाला धमन्यांचा ताठरपणा मोजणारं यंत्र घ्यायचंय. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला धमन्यांतून दाबाची लहर धावते, आणि धमनी जितकी ताठर तितकी ती वेगाने जाते; मोजायचा तो हा वेग. पेनासारखं टोनोमीटर, हातापायांना बांधायचे पट्टे की बोटाचा चिमटा, यात त्याचं घोडं अडलंय.

टोनोमीटर संशोधकांचं लाडकं. आधी मानेवर, मग जांघेत नाडी टिपायची आणि ईसीजीच्या ठोक्याशी ताडून लहरीला लागलेला वेळ काढायचा. मान-जांघ अंतराला 0.8 ने गुणून वेळेने भागलं की वेग मिळतो. सेकंदाला 10 मीटरच्या वर गेला तर महाधमनी ताठरलेली. ही मर्यादा 2012 साली युरोपातल्या तज्ज्ञांनी ठरवली, त्याआधी ती 12 होती. पण हात बसलेला हवा. गुणून आलेलं अंतर 50 सेंटिमीटर असेल तर 10 च्या वेगाला लहर 50 मिलिसेकंदांत पोचते. तुम्ही 60 मोजलेत की उत्तर 8.3, म्हणजे पेशंट ठणठणीत! शिवाय जांघेत नाडी शोधायची म्हटल्यावर आमच्याकडच्या मावश्या पुन्हा दवाखान्याची पायरी चढतील का, हा प्रश्न वेगळाच.

पट्ट्यांच्या यंत्राला ही अडचण नाही. दोन्ही दंडांना आणि घोट्यांना पट्टे बांधून बटण दाबायचं, नर्सलाही जमतं. जपानात ही पद्धत रुळलेली आहे. अंतर मात्र उंचीवरून सूत्राने धरलं जातं, आणि लहरीच्या वाटेत पायाच्या धमन्याही येत असल्याने आकडा मोठा येतो. तिथे 18 च्या आसपासची मर्यादा धरतात. तिची टोनोमीटरच्या 10 शी तुलना करू नये. मला या यंत्राचं खरं मोल त्याच्या दुसऱ्या आकड्यात वाटतं. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब 0.9 पेक्षा कमी आला, तर पायाची धमनी अरुंद झाल्याचा संशय घ्यायचा. (मग त्या पायाचा लहरीचा वेगही फसवा धरावा.) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यातच निघालं, 26.4 टक्के. अशा ठिकाणी पायाची तपासणी सोबत होतेय, आणखी काय हवं?

चिमटा स्वस्त. तो प्रकाशावरून बोटातल्या रक्ताचं कमीजास्त होणं टिपतो. ठोक्यांची लय छान दिसते, पण लहरीचा वेग काढायला दोन ठिकाणं लागतात. हा एकाच ठिकाणी बसतो. एसीत बोटं गारठली की लहर आणखी मलूल. ठोके मोजणाऱ्या मनगटी घड्याळांचंही तेच.

म्हणून मी पट्ट्यांच्या बाजूचा. ठोके अनियमित असलेल्या पेशंटच्या आकड्यावर मात्र यातल्या कुठल्याच यंत्रात विसंबू नये. आणि शुक्रवारचा बाजार करून, चहा घेऊन, पिशव्यांसकट आत आलेल्याला लगेच पट्टे बांधायचे नाहीत, आधी दहा मिनिटं आडवं करायचं. त्यासाठी एक जादा खाट लागेल. तीही यंत्राच्या खर्चात धर, असं मी त्याला सांगितलंय.