मेंदूपर्यंत पोहोचत असल्याच्या दाव्यावर विकलेल्या कॅप्सूल

वडिलांना विस्मरण होऊ लागले, त्या काळजीच्या दिवसांत एका विक्रेत्याने आम्हाला वनस्पतींतील पॉलिफेनॉल या नैसर्गिक रसायनांच्या कॅप्सूल विकल्या. हळदीतील कर्क्युमिन आणि द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल गिळले की ते जसेच्या तसे मेंदूत जाते, असे त्याने छातीठोकपणे सांगितले आणि गुण न आल्यास पैसे परत देण्याचे वचनही दिले. गुण आला नाही. पैसे मागितले तेव्हा बाटलीचे सील उघडल्यामुळे ते मिळणार नाहीत, अशी विक्रीच्या वेळी लपवलेली अट पुढे करण्यात आली.

पैसे बुडाले याहून मला त्या दाव्याची चीड अधिक येते. माहितीपत्रकातील आलेख काचेच्या बशीत वाढवलेल्या चेतापेशींवर शुद्ध कर्क्युमिन सोडून केलेल्या प्रयोगाचा होता. माणसाने गिळलेल्या कॅप्सूलशी त्याचा संबंध नव्हता. गिळलेल्या कर्क्युमिनचा फार थोडा अंश शोषला जातो, आणि त्यालाही आतड्याचे अस्तर व यकृत ग्लुक्युरोनाइड किंवा सल्फेट हे रासायनिक गट जोडून उत्सर्जनाच्या वाटेला लावतात. रेझव्हेराट्रॉलचे शोषण बरे होते, तरी रक्तात ते मूळ रूपात नाममात्रच उरते. त्यापुढे मेंदूच्या केशवाहिन्यांच्या घट्ट सांधलेल्या पेशींचा अडथळा असतो, आणि तेथील पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन आत शिरू पाहणारी अनेक परकी द्रव्ये पुन्हा रक्तात लोटते. न शोषलेला मोठा भाग मोठ्या आतड्यातील जीवाणूंच्या हाती पडतो. डाळिंब आणि अक्रोडातील एलॅजिटॅनिन या पॉलिफेनॉलपासून हे जीवाणू युरोलिथिन नावाचे लहान रेणू तयार करतात, तेही प्रत्येकाच्या शरीरात सारखे नाही. मेंदूवर परिणाम होत असेल तर तो बहुधा अशा बदललेल्या, लहान रेणूंमुळे होत असावा, असा विचार करून अभ्यासक त्यांच्या मागावर आहेत. इतक्या प्रामाणिक संशोधनाचा आधार दाखवून आजारी माणसाच्या घरच्यांना लुबाडावे, हे मला अक्षम्य वाटते.

याहून धोकादायक गोष्ट वेष्टनावर अगदी बारीक अक्षरांत होती: काळ्या मिरीतील पायपरिन. कर्क्युमिनचे रूपांतर मंदावण्यासाठी ते मिसळतात, परंतु त्यामुळे काही औषधांचे विघटनही मंदावून रक्तातील त्यांचे प्रमाण वाढू शकते. वडिलांची नेहमीची औषधे चालू असल्याचे आम्ही विक्रेत्याला आधीच सांगितले होते, तरी त्याने अवाक्षर काढले नाही. डॉक्टरांनी वेष्टन वाचताच कॅप्सूल बंद करायला लावल्या. कोणी अशा कॅप्सूल घेत असेल, तर त्याने वेष्टन डॉक्टरांना आजच दाखवावे आणि पावती व माहितीपत्रक जपून ठेवावे. लेखी तक्रार करताना आम्हाला याच कागदांचा उपयोग झाला.