जुन्या बाथरूमचे नळ, शॉवर, फ्लश बदलले, टाइल्स तशाच ठेवल्या: वापरानंतरचा अनुभव

आमची बिल्डिंग १९८९ ची, पुण्यात बिबवेवाडीला, आणि आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. बाथरूममध्ये सगळं मूळचंच होतं, भिंतीत जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी), वायसरवाले नळ जे कितीही आवळले तरी ठिबकायचेच, आणि फ्लशची टाकी रात्रभर वाहणारी. गेल्या दिवाळीआधी हे सगळं बदलून घेतलं, फोडाफोड अजिबात केली नाही, मजुरी धरून १५ हजारांच्या आसपास बसलं. आता उन्हाळा पण काढून झाला, तर माझं स्पष्ट मत असं की बजेट कमी असेल तर टाइल्सच्या नादी लागू नका, पैसा जिथून पाणी जातं तिथे घाला.

सगळ्यात आधी प्रेशर बघा. दुकानात गेलं की मोठा रेन शॉवर पुढे करतात, दिसतो पण भारी, पण वरचा मजला असेल आणि प्रेशर पंप नसेल तर नका घेऊ. टाकीतलं पाणी १० मीटर उंचावर असेल तेव्हा कुठे १ बार प्रेशर मिळतं. आमची टाकी गच्चीवर, शॉवरपासून जेमतेम ३ मीटर वर, म्हणजे ०.३ बार, त्यात आठ इंची शॉवर नुसता ठिबकला असता. आम्ही चार इंची घेतला, रबराच्या भोकांचा, क्षार साचले की बोटाने चोळलं तरी निघतात. हाच मोठा शॉवर तळमजल्यावर मस्त चालेल, तिथे प्रेशर असतं.

नळ काढणं हे खरं जोखमीचं काम. जीआयच्या जुन्या लाइनवर थेट पाना लावून पिरगळलं तर भिंतीतला गंजलेला आटा तुटतो आणि मग टाइल फोडावीच लागते. आमच्या प्लंबरकाकांनी आदल्या संध्याकाळी आट्यांवर तेल सोडून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी थोडं सैल, परत थोडं उलटं आवळायचं, परत सैल, असं करत एकेक नळ सोडवला. घाई करणारा माणूस असेल तर त्याला हे काम देऊ नका, खरंच. नवीन नळ लावायच्या आधी त्यांनी लाइन उघडी सोडली, बादलीत आधी तांबडं पाणी आलं आणि मग गंजाचे पोपडे. हे फार महत्त्वाचं आहे कारण क्वार्टर टर्न, म्हणजे पाव फेरीत उघडणाऱ्या नळात दोन सिरॅमिकच्या चकत्या एकमेकींवर सरकतात, त्यात कचरा अडकला की चरे पडतात आणि नवा कोरा नळ गळायला लागतो. आमचा अजून एकही गळत नाहीये.

बेसिन आणि शॉवरला पितळी नळ घेतले, हातात घेऊन वजन बघूनच घ्या. बादलीच्या नळाला मात्र मुद्दाम पीटीएमटीचा पांढरा प्लास्टिक नळ लावला, दोनशेच्या आत मिळाला, बोअरच्या पाण्याचे डाग त्यावर उठून दिसत नाहीत आणि गंजायचा प्रश्नच नाही. मार्चपासून आमच्याकडे बोअर आणि टँकर, तेव्हा बेसिनच्या नळाची धार तिरकी यायला लागते, पुढची जाळी काढून लिंबू सत्वाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवली की परत सरळ. बाथरूमचं ऍसिड नळांच्या क्रोमच्या मुलाम्याला कधीच लावू नका, चकाकी जाते ती जातेच.

फ्लशची टाकी ड्युअल, म्हणजे दोन बटणांची घेतली, ३ आणि ६ लिटरची. इथे एक सांगतो, संडासचं भांडं जुनं असेल तर ते १० लिटरच्या जोरासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे छोटं बटण फक्त लघवीपुरतंच चालतं आणि मोठं बटण कधीकधी दोनदा दाबावं लागतं. पाणी तरीही आधीपेक्षा कमीच जातं, वाहणारी टाकी बंद झाली हाच मोठा फायदा.

नाराजी एकाच गोष्टीवर, हेल्थ फॉसेट, म्हणजे संडासजवळचा हातात धरायचा जेट स्प्रे. काही महिन्यांतच ट्रिगर अडकायला लागला, बिल जपून ठेवलं होतं म्हणून दुकानदाराने बदलून दिला. नवीन आल्यापासून वापर झाला की त्याचा अँगल कॉक (भिंतीवरचा पाणी बंद करायचा छोटा कॉक) बंद करतो, नाहीतर पाइपवर दिवसरात्र प्रेशर राहतं आणि घरात कोणी नसताना फुटला तर खालच्यांचं छत भिजतं. बाकीचे अँगल कॉक पण महिन्यातून एकदा पूर्ण बंद करून परत उघडतो, क्षाराच्या पाण्यात एकाच जागी राहिले की जाम होतात.