बीएस्सी कृषी वर ठेवायचं की वनशास्त्र?

सीईटीचा निकाल लागला की पसंतिक्रम भरताना शेती-जंगलाची ओढ असलेल्या मुलांच्या घरात हा वाद होतोच. दोन्ही पदव्या चार वर्षांच्या, दोन्ही कृषी विद्यापीठांच्याच. कृषीची सरकारी आणि खासगी कॉलेजं मात्र राज्यभर पसरली आहेत. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशा चारही विद्यापीठांच्या अखत्यारीत. वनशास्त्रासाठी मुख्यतः दापोली आणि अकोला, तेही मोजक्या जागा. सातबारा नावावर असेल तर प्रवेशात त्याचा फायदा मिळतो. यंदाचा नियम काय आहे, ते माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

‘मला वन अधिकारी व्हायचंय, म्हणून वनशास्त्र,’ असं बरीच मुलं म्हणतात. पण भारतीय वनसेवेच्या परीक्षेला कृषी पदवीधर बसतो, इंजिनिअर बसतो, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेतलेलाही बसतो. राज्याच्या वनसेवेतले वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षकही एकट्या वनशास्त्रातून येत नाहीत. उलट दिशेने वाट एवढी मोकळी नाही. राज्याच्या कृषी सेवेतली पदं मुख्यतः कृषी, उद्यानविद्या, कृषी अभियांत्रिकी अशा पदव्यांसाठी असतात, त्यामुळे वनशास्त्रवाल्याने जाहिरातीतली अर्हता नीट वाचूनच अर्ज करावा. बँकांमधल्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाला दोघंही चालतात. खतं-औषधांचं दुकान टाकायचं झालं, तर परवान्याला कृषीची पदवी कामी येते. नुसत्या नोकरीच्या दारांचा विचार केला तर कृषीचं पारडं जड आहे, आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर मी तेच सुचवेन.

पण दारं मोजून चार वर्षं निघत नाहीत. रोज हाताला काय काम लागणार, तेही बघायला हवं.

कृषीच्या शेवटच्या वर्षात ग्रामीण कार्यानुभव असतो, म्हणजे गावात जाऊन शेतकऱ्यांसोबत काम करायचं. पेपरात ‘कृषिदूतांनी दाखवले प्रात्यक्षिक’ अशी बातमी येते, ती याचीच. माती परीक्षणाचंच घ्या. शेतात नागमोडी चालत जागा निवडायच्या, पालापाचोळा बाजूला करायचा, व्ही आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती खरवडायची. सगळी माती एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. काम सोपं आहे. अवघड असतात ते बांधावर उभे असलेले काका, जे विचारतात, ‘बाळा, रिपोर्ट आला तरी युरिया कमी टाकून माझं पीक येईल का?’ अशा माणसाशी बोलायला आवडणार नसेल, तर कृषी विस्ताराची, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोहोचवायची नोकरी जाच वाटेल.

वनशास्त्रात माणसं कमी आणि मोजमाप जास्त. झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर मोजायचा, उतारावर असाल तर वरच्या बाजूला उभं राहून. टेप तिरका गेला की घेर जास्त भरतो, आणि त्यावरून हिशेबाने काढलेलं लाकूडही. असा अख्खा प्लॉट मोजून काढायचा. रोपवाटिका, मृदसंधारण, वन्यजीव हे विषय आहेतच, पण वाघ बघायच्या आशेने आलेल्यांचा पहिल्या वर्षी हिरमोड होतो. शिवाय इथे नुसत्या पदवीवर फारसं भागत नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत किंवा अशाच ठिकाणी एमएस्सी करायची तयारी ठेवून आलात, तर हा निर्णय उत्तम. विषयाचा जो पाया इथे पक्का होतो, तो कृषीवाल्याला नंतर स्वतः वाचून भरून काढावा लागतो.

वनसेवेसाठी पायही लागतात, हे घरचे विसरतात. भारतीय वनसेवेच्या चालण्याच्या चाचणीत चार तासांत पुरुषांना 25 आणि महिलांना 14 किलोमीटर जावं लागतं.

संवर्धन म्हणजे वनखातं, असंही समजू नका. गोंदियात सारस भातखाचरात घरटं करतो. तिथे धान उत्पादकाला सोबत घेतल्याशिवाय पक्षी वाचत नाही. अशा कामाला धानाचं वेळापत्रक आणि फवारणी कळणारा कृषी पदवीधर जास्त उपयोगी पडेल. याउलट गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाचं जंगल सांभाळायचा आणि वापरायचा हक्क मिळाला आहे. तिथे बांबू किती तोडायचा आणि किती राखायचा, हे ठरवताना वनशास्त्राचा माणूस हवा. आणि फक्त वन्यप्राण्यांवर संशोधनच करायचं असेल, तर दोन्ही सोडून जवळच्या चांगल्या कॉलेजातून प्राणिशास्त्रात बीएस्सी करा, मग डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेची एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्या. हा रस्ता स्वस्तही पडतो.

एक मात्र पक्कं: कृषी की वनशास्त्र यापेक्षा कॉलेज कोणतं, याने जास्त फरक पडतो. काही खासगी कॉलेजांची प्रक्षेत्रं, म्हणजे प्रात्यक्षिकाची शेतं, कागदावरच हिरवी असतात. पसंतिक्रम भरायच्या आधी एकदा जाऊन या. विहिरीला पाणी आहे का, रोपवाटिकेत खरंच रोपं आहेत का ते बघा, आणि प्रात्यक्षिकं होतात का हे प्राचार्यांना न विचारता शेवटच्या वर्षाच्या मुलांना चहाच्या टपरीवर विचारा.