१८ तोफांच्या ब्रिग-स्लूपचं लाकडी किट, ६ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

घरी येणारा प्रत्येक जण विचारतोय, परभणीत बसून जहाज बनवायलास व्हय. तर हो, बनवायलोय, अन् घेण्याआधी मला मराठीत ह्या किटबद्दल कुठंच काही वाचायला मिळालं नव्हतं म्हणून हे सविस्तर लिहायलोय.

किट १:६४ स्केलचं आहे, इंग्रज नौदलाच्या क्रूझर क्लासचं, नेपोलियनच्या लढायांच्या काळात ह्या एकाच नकाशावरून शंभराच्या वर जहाजं बांधली होती. खरं जहाज डेकवर १०० फूट म्हणजे आपलं मॉडेल साधारण ४८ सेंटीमीटर, वरून पुढं निघालेली तिरकी काठी, त्यामुळं आधी शोकेसचं माप घ्या मग ऑर्डर करा. अन् बॉक्सवर स्लूप लिहिलंय म्हणून एका डोलकाठीची नाव समजू नका. तेव्हा ज्या छोट्या लढाऊ जहाजावर कमांडर हुद्द्याचा माणूस मुख्य असायचा त्याला स्लूप म्हणायचे, काठ्या दोन असल्या की ब्रिग-स्लूप, तीन असल्या की शिप-स्लूप.

लाकूड चांगलं आहे, पट्ट्या सरळ, गाठी नाहीत. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात जपून करा. पुस्तकात लिहिलंय पट्टी कोमट पाण्यात भिजवा, वाकवा अन् चिकटवा, मी मे महिन्यात तसंच केलं तर दुपारी दोनला लावलेली पट्टी चारपर्यंत वाळून टोकाला उचलली, फेविकॉल सकट. मग गल्लीतल्या सुतार काकांनी सांगितलं की भिजवलेली पट्टी आधी नुसती कपड्याच्या चिमट्यांनी सांगाड्यावर बांधून रातभर ठेव, आकार घेऊ दे, सकाळी चिकटव. तेव्हापासून एक बी उचलली नाही.

आता तोफा, ज्याच्यासाठी मी हे घेतलं. १६ कॅरोनेड अन् पुढं दोन लांब सहा-पौंडी. कॅरोनेड म्हणजे आखूड, जाड तोफ, ३२ पौंडी म्हणजे साडेचौदा किलोचा गोळा फेकायची पण वजनाला तेवढाच गोळा फेकणाऱ्या लांब तोफेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणून एवढ्याशा जहाजावर १६ बसल्या. मार मात्र जवळचा. लांब तोफांवाला दूर राहिला की ह्यांनी नुसता मार खायचा, १८१४ ला चिलीतल्या वालपराइसोजवळ अमेरिकेच्या एसेक्स जहाजाचं तेच झालं, तिच्याकडं बहुतेक कॅरोनेडच होत्या. किटमधल्या तोफा पितळी आहेत, खालची सरकणारी लाकडी घोडी वेगळी जोडावी लागते, एका तोफेला मला पूर्ण एक संध्याकाळ लागली अन् एक मिनिट बी वाया गेला असं वाटलं नाही.

खोट इथंच आहे. तोफेचा दोर ज्या कड्यांत अडकतो त्या कड्यांची दांडी फार आखूड, दोर ताणला की कडी जहाजाच्या भिंतीतून उपटून हातात. पहिल्या बाजूच्या ८ पैकी ५ निघाल्या. दुकानदाराला फोटो पाठवले, दोनदा मेसेज केले, उत्तर नाही. शेवटी पितळी तार आणून घरीच लांब दांडीच्या कड्या वळवल्या, भिंतीतून आरपार घालून मागून फेविक्विकचा थेंब, आता हलत नाहीत.

पण ती उपटलेली कडी हातात धरून मला एपेर्वियर आठवली. ह्याच क्लासची ब्रिग, एप्रिल १८१४ ला फ्लोरिडाजवळ अमेरिकेच्या पीकॉक जहाजाशी भिडली, अन् लढाई चालू असताना तिच्या कॅरोनेड धरून ठेवणारे बोल्टच निघाले, तोफा जागेवरून सुटल्या. ४५ मिनिटांत शरण. तिची ८ माणसं गेली, पीकॉकचं एकही नाही. एपेर्वियरची मागची काठी वरून तुटली, पुढची खिळखिळी, अन् दोनच काठ्यांचं जहाज म्हणल्यावर मग ते वळवायचं कशानं, पीकॉकला तीन होत्या. हे मी आधी वाचलं होतं, पण एका बोल्टवर किती लोकांचा जीव असतो हे कडी बसवताना कळालं.

दोरा किटमधला वापरू नका, त्याला फार लव आहे, मेण लावून बी बसत नाही. शिवणकामाच्या दुकानातला पॉलिएस्टर घ्या, काळा अन् बदामी. सूचनांचं पुस्तक इंग्रजीत आहे पण चित्रं मोठी अन् स्पष्ट, अडत नाही.

अजून एक, रंग देऊ नका असं मी सांगीन, नुसतं पॉलिश. ह्या क्लासची व्हिक्टर अन् झेब्रा ही जहाजं आपल्या मुंबई गोदीत १८१४-१५ च्या सुमारास सागवानात बांधली होती, म्हणून मी डेकला सुतार काकांकडून सागवानी पट्टीचे तुकडे आणून लावलेत, तेल पुसल्यावर जो रंग आलाय तो किटच्या लाकडाला येत नाही.

साडेनऊ हजार गेले, पाचपैकी चार स्टार, एक कड्यांसाठी कापला. ऑर्डर करणार असाल तर सोबतच एक मिलिमीटरची पितळी तार मागवून ठेवा, आमच्याकडं चार दुकानं फिरल्यावर भेटली.