दोन सीअर, दोर एकच: आज लटकवायचं की थांबायचं?

ऑनलाइन वेअरवुल्फमध्ये रात्री लपलेले लांडगे एकेकाला मारतात, दिवसा सगळे मतदानाने एकाला लटकवतात. रोज रात्री एकाची ओळख तपासणारा सीअर सहसा एकच असतो. तरी दोघं ‘मीच सीअर’ म्हणून उभे राहिले की लॉबीत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आज एकाला लटकवा, तो खरा निघाला तर उद्या दुसऱ्याला. दुसरा म्हणतो, घाई नको, दोघांनाही राहू द्या. मी दोन्ही तटांत बसून झालंय.

थांबणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. कागदावर तर तीच जास्त हुशारीची वाटते. काउंटर क्लेम (दुसऱ्यानेही तोच दावा करणं) झाल्यावर लांडग्यांना खऱ्या सीअरला खाता येत नाही, कारण तो मेला की खोटा आपोआप उघडा पडतो. म्हणजे खऱ्याला आयत्याच रात्री मिळतात आणि रोज एक निकाल पदरात. ओळखीचा ग्रुप आणि व्हॉइस कॉल असेल तर खुशाल थांबा.

अनोळखी लॉबीत माझं घोडं अडतं ते चॅटवर. दोघं जिवंत असले की अख्खा दिवस त्यांच्याच भांडणात जातो. ‘तू माझ्यानंतर क्लेम केलास.’ ‘मी टाइप करत होतो!’ एक म्हणतो 4 नंबर गावकरी, दुसरा म्हणतो लांडगा, की झाला 4 नंबरचाही तमाशा सुरू. टायमर संपत आल्यावर कुणीतरी विचारतं, अरे, 7 नंबर काही बोललाय का? उत्तर यायच्या आत रात्र. आणि तो 7 नंबर, म्हणजे दुसरा लांडगा, नुसतं ‘हम्म’ टाकत आरामात शेवटापर्यंत पोचतो. याचा मला इतका वैताग आला की मी लटकवणाऱ्यांत गेलो.

हिशेबही तसा अंगावर येत नाही. 9 जण, त्यात 2 लांडगे, आणि खोटा क्लेम लांडग्याचाच असं धरू. आज चुकून खरा सीअर गेला, रात्री आणखी एक, उरले 7. उद्या खोटा नक्की जातो आणि पुढच्या सकाळी 5 जणांत 1 लांडगा उरतो. अजून एकदा चुकायची मुभा आहे. पहिलाच नेम बरोबर लागला, तर उरलेल्या एकासाठी तीन मतदानं हाताशी.

टाउन ऑफ सेलम या अशाच दुसऱ्या खेळात मात्र आधी रोल लिस्ट, म्हणजे भूमिकांची यादी बघा. तिथे दोन डॉक्टर किंवा दोन शेरीफ खरे असू शकतात. रात्री एकाला कोंडणारा आणि हवं तर मारणारा जेलर एकच, दोघं जेलर म्हणवत असतील तर काल कुणाला आत टाकलं ते विचारा, कैदी बहुतेक वेळा वाद मिटवतो. लिस्टमध्ये जेस्टर असेल तर माझा नियम गुंडाळून ठेवा. त्याला फाशीच हवी असते, आणि वर तो गिल्टी म्हणणाऱ्यांपैकी कुणालातरी घेऊन जातो. असा संशयित जेलरकडे सोपवावा. त्याच्या हातून मेला तर जेस्टर जिंकत नाही. एरवी तिथेही दिवसाची फाशीच बरी वाटते. रात्री माफियाने (म्हणजे तिथल्या लांडग्यांनी) मारलेल्याचा रोल त्यांचाच जॅनिटर लपवू शकतो, मृत्युपत्र फोर्जर बदलू शकतो. फाशी गेलेल्याचं सगळं लख्ख दिसतं.

राहता राहिलं, आधी कुणाला? मतं पडायला लागल्यावर, गळ्याशी आल्यावर ज्याने क्लेम केला, त्याला. काहीच दबाव नसताना पुढे होऊन त्याला खोडणारा बहुधा खरा असतो.