५० मिनिटांचा तास: ऑनलाइन काउन्सेलिंगचे पाच महिने

आधी हिशेब. १० सेशनचं पॅकेज १० हजारांना, म्हणजे सेशनला हजार. ॲपवर ठळक लिहिलंय ‘एक तासाचं सेशन’ आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ५० मिनिटं. म्हणजे मिनिटाला २० रुपये, आणि दहा सेशनमध्ये जी १०० मिनिटं गायब होतात ती झाली पूर्ण दोन सेशन. काउन्सेलर मॅडमना पहिल्याच दिवशी विचारलं. त्या म्हणाल्या सगळीकडे हीच पद्धत आहे, उरलेली दहा मिनिटं नोट्स लिहायला आणि पुढच्या माणसाआधी डोकं मोकळं करायला लागतात. म्हटलं मग तुमच्या नोट्सचे पैसे मी का देऊ. त्या हसल्या, मी नाही हसलो.

ऑनलाइनच का, तर राहतो कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीला. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, माहितीये, पण संध्याकाळी घोडबंदर रोडने एकदा घरी पोचल्यावर पुन्हा ठाण्यात उतरायचं म्हणजे त्या ट्रॅफिकचा स्ट्रेस घालवायला वेगळा काउन्सेलर लागेल. सरकारी टेलिमानस हेल्पलाइनला, १४४१६ वर, एका रात्री फोन केला होता, फुकट आहे आणि बोलून खरंच बरं वाटलं. पण मला दर आठवड्याला एकच माणूस हवा होता, सगळं रामायण ठाऊक असलेला.

रामायण असं की आई साताऱ्याहून कायमची आमच्याकडे आली, घर वन बीएचके, आणि एका सकाळी गीझर चालू राहिला यावरून बायकोचं नि माझं जे झालं त्यानंतर मी ११ दिवस अबोला धरला. ‘बाबांना सांग ताट वाढलंय.’ पाचवीतली मुलगी आमची पोस्टमन.

पहिल्या काउन्सेलरच्या प्रोफाइलवर भाषा मराठी होती, बोलायची हिंदी. तिला अबोला समजावता समजावता माझी २० मिनिटं गेली (४०० रुपये). अबोला म्हणजे नुसतं गप्प बसणं नाही ना, त्यात ताट वाढलेलं असतं, कपडे इस्त्री झालेले असतात, फक्त माणूस नसतो. बदलून मागितली. दुसऱ्या मॅडम डोंबिवलीच्या, त्यांना शब्द सांगताच कळला, उलट विचारलं, ‘तुमच्या घरी आधी कोण धरायचं?’ वडील. महिना महिना. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

मॅडमची पद्धत ‘इंटिग्रेटिव्ह’, म्हणजे काय तर एकच पद्धत धरून न बसता माणसाप्रमाणे दोन-चार पद्धतींतलं घ्यायचं. बायको म्हणाली म्हणजे मिसळ. मलाही आधी वाटलं वरून फरसाण टाकून देतायत. तीन आठवडे सीबीटीची (विचार तपासून बदलायची पद्धत) डायरी लिहिली: प्रसंग, मनात आलेला विचार, तो कितपत खरा. मी ती एक्सेलमध्ये केली, रंग वगैरे देऊन, आणि घरात काडीचा फरक नाही. मॅडमनी तीच बंद करायला लावली, म्हणाल्या तुम्ही ऑडिट करताय. मग दोन सेशन फक्त वडिलांवर, त्या जवळजवळ गप्प. (मिनिटाला २० रुपये देऊन मीच बोलायचं, हे तेव्हा फार खुपलं.)

कामाला आली ती वेगळीच गोष्ट. गॉटमन म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी जोडप्यांना भांडणाच्या विषयावर बोलायला बसवून नाडी मोजली. भांडताना ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, तेव्हा निदान २० मिनिटं बाजूला व्हायचं, पण परत येतो असं सांगून, आणि तेवढ्यात उत्तराची जुळवाजुळव करायची नाही. घड्याळात बघितलं तर गायमुखच्या जाममध्ये मी ८४, लाइट बिलावरच्या भांडणात ११२. आता सांगून गॅलरीत जातो. अकरा दिवसांवरून वीस मिनिटांवर आलोय.

आता जागा. ऑनलाइन काउन्सेलिंगच्या जाहिरातीत बाई सोफ्यावर कॉफी घेऊन बसलेली असते. आमच्या सोफ्यावर आई असते. म्हणून मी बेसमेंटमध्ये गाडीत, बी-१४ खांबाजवळ, कारण तेवढ्याच कोपऱ्यात रेंज. वडिलांवरच्या दुसऱ्या सेशनला वॉचमनने काचेवर टकटक केलं, ‘साहेब, सगळं ठीक ना?’ त्याला वाटलं पिऊन बसलोय.

आणि जुलैत ते घडलं ज्यामुळे हे लिहायला घेतलं होतं. बेसमेंटमध्ये पाणी, सगळ्यांना गाड्या वर काढायला लावल्या, लाइट गेलेली, रेंज शून्य, रात्री नऊचं सेशन बुडालं. सपोर्टचं उत्तर: २४ तास आधी कॅन्सल केलं नाही, सेशन वापरलं गेलं. अरे, पाऊस २४ तास आधी मला विचारून येतो का? चार दिवस चॅटवर भांडलो, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे एकच वाक्य सहा वेळा. इथे एक स्टार देऊन मोकळा होणार होतो.

पुढच्या आठवड्यात मॅडमना सुनावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, मी नऊ ते नऊ पन्नास कॅमेरा चालू ठेवून बसले होते, वेळ तुमची होती, तुम्ही शेवटच्या पाच मिनिटांतही आला असतात. मी म्हटलं पन्नास मिनिटं? नुसत्या? हो. त्यावर पुढे काय बोलायचं सुचेना, आणि त्या दिवशी मी घड्याळ बघितलं नाही. दहा मिनिटांचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही, ‘एक तास’ लिहिलंय तर एक तास द्या.

ऑफिसच्या इन्शुरन्सकडे बिलं टाकली होती, नामंजूर. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच अटींवर कव्हर द्यायचं आहे, ते त्यांनी तंतोतंत पाळलं: माझ्या पॉलिसीत दाढेलाही ओपीडी नाही, मनालाही नाही.

स्टार: मॅडमना पाच, ॲपला दीड. दहाही सेशन संपली. बायको म्हणते पुढचं पॅकेज दोघांचं घेऊ, कपल्स सेशन १८०० ला आहे, तेही ५० मिनिटांचं, म्हणजे ३६ रुपये मिनिट, पण माणशी १८. बुडालेल्या हजार रुपयांची तक्रार अजून ओपन आहे, ती बंद झाल्याशिवाय मी पैसे भरणार नाही असं तिला सांगितलंय. ती काही बोलली नाही, वीस मिनिटांचं सांगून गॅलरीत गेली.